गावाला नावं ठेवायचे दिवस

माझ्या नातीचं नाव ठेवायला आमच्या घराला साडेतीन महिने लागले. चंद्रपूरला मुलाच्या फ्लॅटवर जेवणं उरकली की मुलगा आणि सून फोन घेऊन सोफ्यावर बसायचे आणि पाढे म्हटल्यासारखी नावं वाचायचे. मायरा, कियारा, अन्वी, सान्वी, शिवन्या, आर्वी. आर्वी ऐकून मी विचारलं, "कितीची एस.टी. आहे रे?" कारण आमच्या पिढीला आर्वी म्हटलं की वर्ध्याकडचा स्टँड आठवतो, पाळण्यातलं लेकरू आठवत नाही. मुलगा वैतागला. "आई, तुले समजत नाई. युनिक पायजे. कोनाचंच नसन असं." शेवटी मायरा ठरलं. डोस द्यायला तिला दवाखान्यात नेलं, तर सिस्टरनं दारातून "मायरा" अशी हाक मारली आणि बाकावरच्या तीन आया एकदम उठल्या. परतीच्या रिक्षात सुनेनं फोन पर्समध्ये कोंबला. मी रिक्षाच्या बाहेर बघत बसले. हसले असते तर त्या दिवशी मला उपाशी राहावं लागलं असतं. पण खरं सांगते, मला त्या तीन आयांचं काहीच नवल वाटलं नव्हतं. हा धंदा मी चौदाव्या वर्षी आमच्या गावात केलेला आहे. फोन नव्हता, एवढाच काय तो फरक.

आमचं गाव आरमोरीपासून दोन कोसांवर, तलावाच्या पाळीखाली. आम्ही मासे मारणारी माणसं. बाबा दिवस उगवायच्या आत जाळं खांद्यावर टाकून निघायचे, तेव्हा जाळ्याच्या कडेचे शिशाचे मणी एकमेकांवर आपटून असा किणकिण आवाज यायचा की अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं, आता दारातून निघाले, आता चिंचेपाशी पोचले, आता पाळीवर चढले. उन्हं वर आली की माय अंगणात बसून मरळ राखेत घोळवायची आणि दगडावर घासघासून खवले काढायची. मांजरं तिच्याभोवती पंगतीला बसल्यासारखी बसलेली. आरमोरीच्या बाजारात विकून उरतील ते मासे आमच्या घरी शिजायचे. जवसाच्या तेलातला, चिंच घातलेला लालभडक रस्सा आणि डोंगराएवढा भात. त्या रश्श्याची चव आता येत नाही. डॉक्टरनं तेल बंद केलंय म्हणून असेल, पण मी तलावाला दोष देते.

घरात अक्षरओळख असलेली मी एकटी. सातवीत होते. म्हणून सुकवलेल्या झिंग्यांच्या पुड्या बांधायचं काम माझ्याकडे. आता पुडी बांधायला वाचता कशाला यायला पाहिजे, हे मला आजही कळलेलं नाही, पण मायचं म्हणणं असं की कागदाचं काम शिकलेल्यानं करावं. ती बाजारातल्या किराणा दुकानातून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणायची. मी दुपारभर ओट्यावर बसून चौकोन फाडायची, आणि फाडायच्या आधी वाचायची. जगातली प्रत्येक बातमी मला महिनाभर उशिरा आणि अर्धी कळायची.

तेव्हा आमच्याकडे पोरीचं नाव ठेवायला डोकं लागायचं नाही, नुसता वार लागायचा. मी बुधवारची, म्हणून बुधी. शेजारची शुक्री. सोमी, मंगळी, शनी गावभर. एका मंगळीला हाक मारली की चार घरांची दारं उघडायची. आणि पोरींवर पोरी झाल्या तर शेवटचीचं नाव ठरलेलं, अंतकला. कोणाला वाटेल, काय सुंदर नाव, कुठल्या राजकन्येचं असावं. त्याचा अर्थ एवढाच की देवा, आता अंत कर, पुरे झाल्या. नाव पोरीचं, पण निरोप देवासाठी. देव काही ऐकत नसे. आमच्या गावात एका घरी दोन अंतकला होत्या, थोरली आणि धाकटी.

एका गठ्ठ्यात परीक्षेच्या निकालाचं पान आलं. पास झालेल्या पोरींची नावं ओळीनं छापलेली. वैशाली, अर्चना, माधुरी, ज्योत्स्ना. मी त्या पानाची पुडी केलीच नाही. ती नावं मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवली आणि एकेक तोंडात खडीसाखरेसारखं घोळवून बघितलं. तेवढ्यात माझ्या मावशीला पोरगी झाली. मी म्हटलं, ज्योत्स्ना ठेवा. मावशीला ते फार आवडलं, फक्त म्हणता येईना. गावानं तिची जोसना केली, बापानं जोचना, आणि तिचा आजा तर सरळ जुनी म्हणायला लागला. बारशाला आठ दिवस झाले नाहीत तोच नव्या नावाची जुनी झाली. तरी बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनी "हे नाव कुठून आणलं व?" म्हणून विचारलं आणि मावशीनं माझ्याकडे बोट दाखवलं. तिथून माझं दुकान सुरू झालं.

बायका दुपारच्या यायच्या, पदराआड काहीतरी घेऊन. वाटीभर चिवडा, चार बोरं, कधी गुळाचा खडा. "बुधे, माह्या सुनेचे दिवस भरले. पोट्टी झाली त चांगलं नाव काढून ठेवजो. कोनाचं नसन असं." मी गंभीर चेहरा करून वही उघडायची, बोट फिरवायची, डोळे मिटायची. डोळे मिटायची गरज नव्हती, पण त्यानं चिवडा वाढायचा. आणि मग म्हणायची, "वैशाली. हे आपल्या गावात कोनाचंच नाई." हे मी पहिल्या बाईला म्हटलं तेव्हा खरं होतं. दुसरीलाही म्हटलं, कारण पहिलीचं अजून बाळंतपण झालं नव्हतं. तिसरीच्या वेळी मात्र मला नीट माहीत होतं की मी खोटं बोलतेय, पण तिच्या वाटीत खोबऱ्याची वडी होती.

टोचायला येणाऱ्या नर्सबाईनं शाळेच्या वऱ्हांड्यात बसून "वैशाली" असं नाव वाचलं आणि तीन बायका लेकरं घेऊन पुढं सरकल्या. एकीनं दुसरीला म्हटलं, "तू काऊन आली व? माही वैशाली आहे." दुसरी म्हणाली, "तुही कशी? मले त बुधीनं देल्ली." तिसरी थेट आमच्या घरी आली. तिच्या मागून त्या दोघी. मी माळ्यावर लपले. खाली माय मासे कापत होती, तिला काहीच पत्ता नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग का झालं? माही एक मरळ, तिची एक मरळ. सब्बन मरळाच असतेत. आपापली वळखाले येते न?" बायकांचं समाधान झालं नाही. जाताना त्यांनी मला माळ्याकडे तोंड करून बजावलं की यापुढे नाव द्यायचं तर गावात नाही, तालुक्यात नाही, असंच द्यायचं, नाहीतर दुकान बंद.

माझी पंचाईत झाली. निकालाचे दिवस संपले होते आणि पोरींच्या नावांची पानं येईनाशी झाली. आता गठ्ठ्यात येत होत्या त्या सरकारी जाहिराती, अगदी बारीक अक्षरात. त्यात लिलाव, शुद्धिपत्रक, तहकूब, अनामत असले शब्द. एका पोराचं नाव मी जवळजवळ मुदत ठेवणार होते, त्याचं नशीब की तो ऐनवेळी सोमवारी जन्मला आणि आजीनं सोमा ठेवलं.

अशात कौसल्यावहिनी आली. आमच्या मागच्या घरातली, देवरावभाऊची बायको. देवरावभाऊ रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जायचा, आणि घरात राज्य त्याच्या आईचं, भागरथाबाईचं. कौसल्यावहिनीला दोन पोरी होत्या आणि नऊ दिवसांपूर्वी तिसरी झालेली. भागरथाबाईनं बाळाचं तोंडही न बघता नाव सांगून टाकलं होतं. कोणतं, ते सांगायला नको. वहिनी रिकाम्या हातानं आली होती, ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि फार हळू म्हणाली, "बुधे, माह्यापाशी द्याले काही नाई. पन एक नाव दे. लोकं तिले हाक मारतीन न, त त्यात पुरे झाली असं आयकू येऊ नये. बस एवढंच."

मी डोळे मिटायचं नाटक केलं नाही. समोरच्या पानावर काळ्या चौकटीत एक शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला होता आणि त्याखाली सगळं बारीक. तो शब्द मी तेव्हापर्यंत कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी म्हटलं, "निविदा."

"निविदा," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. "मतलब का होते?"

मला काय ठाऊक? नैवेद्यासारखं वाटत होतं, म्हणून मी ठोकून दिलं, "देवापुढे ठेवतेत ते." कौसल्यावहिनीनं डोळे पुसले. चौदा वर्षांची असले तरी मला तेव्हा कळलं, की आपण या बाईला काय दिलंय ते आपल्यालाच माहीत नाही.

बाराव्या दिवशी दुपारी बारसं झालं. हरभऱ्याच्या घुगऱ्या, भात, लाखोळीची डाळ. तिसऱ्या पोरीच्या मानानं गर्दी बरी होती, कारण देवरावभाऊनं रस्त्याच्या ठेकेदाराचा मुनीम जेवायला बोलावला होता, आणि मुनीम कसा जेवतो ते बघायला अर्धा गाव आला होता. कौसल्यावहिनीनं नणंदेला आधीच फितवलं होतं. नणंद पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि उठून खणखणीत आवाजात म्हणाली, "निविदा!"

मुनिमाच्या घशात घुगऱ्या अडकल्या. त्याचा चेहरा लाल झाला, कोणीतरी त्याच्या पाठीत बुक्की घातली. श्वास आल्याबरोबर तो म्हणाला, "अबे देवराव! पोरीचं नाव टेंडर ठेवलं का बे?" मग त्यानं साऱ्यांना समजावून सांगितलं. सरकारला रस्ता करायचा असला की पेपरात जे छापून येतं, ज्याला लोक टेंडर म्हणतात, त्याचं मराठी नाव निविदा. आधी कोणाला कळेना. कळलं तेव्हा असं हसू फुटलं की पाळण्यातली पोर दचकून रडायला लागली. बाबा माझ्यापासून चार हातांवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घुगऱ्या चावायचे थांबले.

भागरथाबाई तर वाटच बघत होती. "म्हनलं होतं न मी? अंतकला ठेवा म्हनलं होतं! आता जगभर इज्जत गेली. काढा ते नाव. कोनं देल्लं हे?" माझ्याकडे चाळीस डोळे वळले. मी जमीन उकरत होते.

तेव्हा कौसल्यावहिनी उठली. चार पुरुषांत तिचा आवाज आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता, तो जाड आहे की बारीक हेही गावाला ठाऊक नव्हतं. पदर डोक्यावर ओढून ती थेट मुनिमाशी बोलली. "भाऊ, एक सांगा. हे निविदा निंगल्यावर मंग का होते?"

मुनीम अजून डोळे पुसत होता. "का होते म्हनजे? काम सुरू होते."

"आन ते नाई निंगली त?"

"त काहीच होत नाई. रस्ता नाई, काही नाई."

"मंग ठीक हाये," कौसल्यावहिनी म्हणाली. "अंत नाई न होत? सुरू होते न? तेच पायजे मले." आणि खाली बसून तिनं पोरीला पदराखाली घेतलं.

कोणी हसलं नाही. मुनिमानं तेवढं डोकं हलवलं आणि आणखी डाळ मागितली. मला नंतर पुष्कळ सभांना बसायला मिळालं, मोठमोठी भाषणं ऐकली, पण एवढ्या कमी शब्दांत एवढी माणसं गप्प झालेली पुन्हा बघितली नाहीत. घरी जाताना बाबा मला एवढंच म्हणाले, "मासोळीच्या कागदावरून नावं देतं तू. वास येनारच." त्या दिवसापासून माझी वही त्यांनी कौलात खोचून ठेवली.

(परवा सून फोनवर वाचत होती, मैत्रिणीच्या मुलीसाठी. "न वरून बघा आई, नायरा, निर्वी, निविदा. निविदा किती गोड! अर्थ दिलाय, सर्जनशील." मला असा ठसका लागला की तिनं पाणी आणलं. ज्यानं कोणी तो अर्थ लिहिला असेल, त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. तोही माझ्यासारखाच ओट्यावर बसलेला कोणीतरी असणार, समोर चिवड्याची वाटी.)

बारशानंतरचे आठ दिवस देवरावभाऊचे फार वाईट गेले. कामावर त्याला सगळे टेंडरचा बाप म्हणायला लागले. गिट्टीचा ट्रक आला की कोणीतरी विचारायचं, "देवराव, पोरगी मंजूर झाली का?" तो संध्याकाळी घरी यायचा तो मान खाली घालून, आणि आमच्या कुडाजवळून जाताना एकदा खाकरायचा. ते खाकरणं माझ्यासाठी आहे हे मला कळायचं. मला अपराधी वाटत होतं. मी शाळेत गुरुजींना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "फार बिघडलं नाही. निवेदिता कर. चांगलं नाव आहे, ऐकायलाही जवळ." मी ते नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि परकराच्या नाडीत खोचून फिरू लागले, की संधी मिळताच गावाची माफी मागू.

नवव्या दिवशी सकाळी देवरावभाऊ आमच्या दारात उभा. "चाल व बुधे. ग्रामपंचायतीत जाऊ. पोट्टीचं नाव लिवाचं हाये. तिथी अक्षर चुकलं त तुले पायता येईन." मागं भागरथाबाई ओरडत होती, "अंतकलाच लिवून आनजो! आयकतं का?" तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. आम्ही निघालो. पुढे तो, मागे मी, आणि बऱ्याच मागून, बाळाला पदरात गुंडाळून, कौसल्यावहिनी. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती आलीच. ग्रामपंचायतीच्या बाहेर बोराच्या झाडाखाली ती उभी राहिली, आत आली नाही.

आत ग्रामसेवक मोठं रजिस्टर उघडून बसला होता. कानानं जरा कमी. बाहेर धानाची गिरणी धडधडत होती, त्यामुळे त्याला आणखी कमी ऐकू येत होतं. त्यानं टाक शाईत बुडवला. "पोरीचं नाव?"

देवरावभाऊनं बाहेर बोराकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम. मला वाटलं, आता हा अंतकला म्हणणार, आणि बाहेर ती ऐकणार. मी घाईघाईनं चिठ्ठी काढली आणि म्हटलं, "निवेदिता. गुरुजींनी सांगतलं."

"नाई," देवरावभाऊ म्हणाला. "निविदा. निविदाच लिवा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आठ दिवसांपासून हासून राह्यले लोकं माह्यावर. अर्धं हासनं होऊन गेलं. आता दुसरं नाव ठेवलं त पुन्हा पयल्यापासून हासतीन. आन..." तो थांबला. "आन तिनं सांगतलं न, सुरू होते म्हनून. त होऊ दे."

ग्रामसेवकानं लिहिलं. मी वाकून बघितलं, वेलांटी बरोबर होती. ती पोर पुढे गडचिरोलीला गेली, शिवणाचं दुकान टाकलं, तीन मशिनी झाल्या, रागीट आहे, मला आत्या म्हणते आणि दिवाळीला ब्लाउज शिवून पाठवते, तो दरवर्षी मला घट्ट होतो. रस्त्याशी तिचा आयुष्यात काही संबंध आला नाही. तिच्या पाठीवर आणखी एक पोरगी झाली. तिचं नाव देवरावभाऊनं स्वतः ठेवलं आणि मला विचारलंही नाही. मला राग आला होता.

पण त्या सकाळचं काम अजून संपलं नव्हतं. ग्रामसेवकानं पुढच्या रकान्यावर टाक टेकवला. "बापाचं नाव?" ते देवरावभाऊनं सांगितलं. "आईचं नाव?"

देवरावभाऊनं माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे तेव्हा बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नवराही बायकोचं घेत नसे, हे कोणी सांगत नाही. देवरावभाऊ तिला इतकी वर्षं "आयकतं का" म्हणत आला होता. मी सांगणारच होते, तोंड उघडलंही होतं. त्यानं हात आडवा केला.

"कौसल्या," तो टेबलाकडे बघत पुटपुटला.

"आं?" ग्रामसेवकानं कानामागे हात धरला. "गिरनी सुरू हाये. जोरानं सांगा."

देवरावभाऊचे कान लाल झाले. त्यानं एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग छाती भरून श्वास घेतला आणि तलावापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा ओरडला, "कौसल्या!"

आणि बाहेर बोराच्या झाडाखालून, गिरणीच्या धडधडीतून, लगेच उत्तर आलं.

"ओ!"